नानांना ऐकू येऊ लागले तेव्हा

रुळांलगत राहणाऱ्या माणसांना एक खोड जडते. बोलता बोलता ती वाक्याच्या मध्यावर थांबतात, गाडी जाऊ देतात, आणि जिथे सोडले होते त्याच शब्दापासून पुढे बोलू लागतात. नव्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. लग्न होऊन मी दादरच्या घरी आले त्या आठवड्यातली गोष्ट. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आमटीला फोडणी..." आणि थांबल्या. एक जलद गाडी धडधडत गेली. "...देऊ नकोस, मी दिलीय," असे त्यांनी वाक्य पुरे केले तेव्हा माझ्या हातून मोहरी केव्हाच तडतडली होती.

आमची इमारत टिळक पुलापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढच्या खिडक्या रेल्वेकडे आणि मागच्या रस्त्याकडे. पुढून लोकल, मागून मोटारींचे हॉर्न, असा चोवीस तासांचा जलसा. चोवीस म्हणणे अगदीच खरे नाही. शेवटची गाडी रात्री एकच्या सुमारास जाते आणि पहाटेची पहिली चार वाजून गेल्यावर येते. मधले तीन तास तेवढे शांततेचे. पण ते झोपेत जातात.

अशा घरात नानांना ऐकू येत नाही, याचे कोणाला फारसे काही वाटत नव्हते. नाना म्हणजे माझे सासरे. १९५७ साली व्ही. जे. टी. आय. मधून कापडविद्येची पदविका घेऊन ते परळच्या एका गिरणीत लागले आणि पंचवीस वर्षे साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग. धोट्याचे शेकडो माग एकदम चालतात तेव्हा त्या खात्यात आवाज शंभर डेसिबेलच्या आसपास असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडावे, तेव्हा कुठे शब्द पोहोचायचा. म्हणून तिथली माणसे ओठ वाचीत आणि हातांनी बोलत. नाना घरातही बरेचसे तसेच वागत. हवे ते बोटाने दाखवायचे, नको असेल तर हात हलवायचा. श्रवणयंत्र आणले होते. ते कपाटाच्या खणात पडून होते. "ते लावलं की लोकल माझ्या डोक्यातून जाते," असे ते म्हणत, आणि त्यात खोटे काही नव्हते. यंत्राला काय, सुनेचा आवाज आणि गाडीचा आवाज सारखाच; ते दोन्ही वाढवून देते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीला ध्वनीचा धडा आहे. वारंवारता, आयाम, डेसिबेल सारे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. पण ध्वनी शिकवणारी बाई आणि घरी सासऱ्यांशी खुणांनी बोलणारी सून या दोघींची गाठ कधी पडली नव्हती. ती २०२० साली पडली.

त्या वर्षाची सुरुवात मुंबईत एका गमतीदार बातमीने झाली होती. सिग्नलला उभे असताना उगाच हॉर्न वाजवणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी मुंबई पोलिसांनी काही चौकांत आवाज मोजणारी यंत्रे बसवून पाहिली. आवाज ८५ डेसिबेलच्या वर गेला की लाल दिव्याचे उलटे मोजणे पुन्हा पहिल्यापासून सुरू! जितके कोकलाल तितके थांबाल. जानेवारीच्या अखेरीस त्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि आम्ही सर्वांनी ती हसत हसत एकमेकांना पाठवली. मुंबई गप्प कशी करावी, याचा इतका विचार तोवर कोणी केला नसेल. पुढच्या दोन महिन्यांत ती कोणत्याही यंत्रावाचून गप्प झाली.

२२ मार्चला जनता कर्फ्यू होता. संध्याकाळी पाचला सगळ्या इमारतीने गॅलरीत येऊन थाळ्या वाजवल्या. नाना बाहेर आले आणि म्हणाले, "ग्रहण सुटलं वाटतं?" त्याच मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. संपात, दंगलीत, पुरात गाड्या थांबलेल्या मी पाहिल्या आहेत, पण त्या उद्या सुरू व्हायच्या म्हणून थांबलेल्या असत. या वेळी तसे नव्हते. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी आली, आकाशातली विमानेही थांबली. पहाटे चारला मी दचकून जागी झाले. काय वाजले म्हणून नव्हे; काहीच वाजले नाही म्हणून.

दोन-तीन दिवसांनी माझे यजमान पुढच्या खोलीत कोणाला तरी फोन लावीत होते. त्या दिवसांत फोन लावला की घंटीच्या आधी कोणीतरी खोकत असे आणि मग कोरोनाविषयी सूचना सांगितली जाई. वाचकांना आठवत असेल. फोन टेबलावर ठेवून त्यांनी मोठ्या आवाजात लावला होता. आतल्या खोलीतून नाना म्हणाले, "कोण खोकतंय रे? त्याला आधी डॉक्टरकडे न्या."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो.

मी दारातून, ओरडून नव्हे, आपण एरवी बोलतो तशी म्हणाले, "नाना, चहा टाकू का?" ते म्हणाले, "टाक. पण आल्याचा." माझा तर विश्वासच बसेना. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून, म्हणजे ओठ दिसू नयेत अशी उभी राहून, पुन्हा विचारले, "साखर किती?" "आज काय परीक्षा आहे का?" असे उत्तर आले.

नानांचे कान काही बरे झाले नव्हते. झाले ते असे. सततच्या मोठ्या आवाजाने कानाची हानी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, त, थ, फ ही अक्षरे मुळातच हलकी आणि उंच पट्टीची, ती गळतात. आ, ओ, ऊ राहतात. म्हणजे कोणी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे ते कळत नाही. त्यातून मागे दुसरा आवाज असेल तर उरलेसुरलेही बुडते. तरुण कान गोंगाटातून शब्द निवडून घेतो. अधू कानाला मात्र शब्द गोंगाटाहून बराच वर लागतो; तो तेवढा वर नसला की सगळा काला होतो. आम्ही वर्षानुवर्षे नानांसाठी आमचा आवाज चढवीत होतो. खालचा गोंगाट उतरला तर तेच काम होईल, हे सुचले नव्हते. आणि सुचले असते तरी रेल्वे कोण थांबवणार होते?

इथे डेसिबेलचे गणित थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात भलेभले फसतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी टाळेबंदीत शहरातल्या अकरा ठिकाणी आवाज मोजले. ते आधीच्यापेक्षा सरासरी साडेपाच डेसिबेलांच्या आसपास उतरलेले निघाले. साडेपाच! ऐकायला हे अगदीच किरकोळ वाटते. पण ही बेरीज-वजाबाकी वाण्याच्या हिशेबासारखी नाही. तीन डेसिबेल उतरले की ध्वनीची ऊर्जा निम्मी होते, दहा उतरले की दहावा हिस्सा उरते. साडेपाच उतरले म्हणजे तीन हिश्श्यांतला एकही पुरता राहिला नाही. माझ्या-तुमच्या कानाला तो फक्त निवांतपणा. नानांना तेवढ्यात चहा आल्याचा की बिनआल्याचा हे सांगता येऊ लागले. मुलीने माझ्या फोनवर आवाज मोजण्याची एक सोय घालून दिली होती आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीत उभी राहून आकडे वहीत लिहीत असे. ते येथे देत नाही. फोन म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, आणि माझ्या वर्गातल्या मुलांनी असे आकडे आणले असते तर मी गुण कापले असते.

सगळ्या जगाचे मोजमाप मात्र एका वेगळ्याच ठिकाणाहून झाले. भूकंप नोंदवणारी यंत्रे माणसांच्या वर्दळीची थरथरही नोंदवीत असतात. गाड्या, कारखाने, रस्त्यावरची पावले सारे जमिनीत उतरते. ब्रुसेल्सच्या वेधशाळेतल्या थॉमस लकॉक यांनी जगभरच्या सहकाऱ्यांना घेऊन ११७ देशांतल्या २६८ केंद्रांच्या नोंदी तपासल्या. ही थरथर कित्येक जागी निम्म्यापर्यंत खाली आलेली त्यांना आढळली. चीनमध्ये जानेवारीच्या अखेरीस ती उतरू लागली, मग युरोपात, मग मार्च-एप्रिलमध्ये सर्वत्र. नाताळात आणि रात्रीच्या वेळी ती दरवर्षी, दररोज उतरते. पण इतकी खोल आणि इतकी लांबलेली सामसूम यंत्रांनी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. आमच्या फळीवरची पितळी भांडी गाडी गेली की एकमेकांना लागून किणकिणत. ती गप्प झाली होती, हे मी तो निबंध वाचल्यावर माझ्या ध्यानात आले.

एप्रिलमध्ये माझा वर्ग संगणकावर भरू लागला. "बाई, तुमचा आवाज तुटतोय" हे त्या वर्षीचे राष्ट्रीय वाक्य. पहिल्या दिवशी मी वर्गात बोलते तशी खड्या आवाजात सुरुवात केली, तेव्हा एका मुलाने हात वर करून नम्रपणे सांगितले, "बाई, जरा हळू बोला, आजी झोपलीय." मला माझ्या आवाजाची प्रथमच लाज वाटली. शाळा रस्त्यावर, घर रुळांवर. मी तीस वर्षे कोणावर तरी मात करीत बोलत आले होते. एत्येन लोंबार या फ्रेंच कानवैद्याने १९११ सालीच हे नोंदवले आहे की, मागे गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. लग्नाच्या पंगतीत हेच होते. तुमचे ऐकू जावे म्हणून तुम्ही ओरडता, तो तुमचा आवाज शेजाऱ्याचा गोंगाट होतो, म्हणून तो ओरडतो, आणि शेवटी भात हवा की पोळी हेही कोणाला कळत नाही.

पाखरेही यातून सुटत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोत पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याची एक चिमणी असते. एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिच्या नरांच्या गाण्याचा आधीपासून अभ्यास केला होता. २०२० च्या वसंतात गोल्डन गेट पुलावरची वाहतूक थेट १९५४ सालाइतकी कमी झाली, तेव्हा हे नर हळू आवाजात गाऊ लागले. आणि हळू गाऊनही त्यांचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरावर पोहोचू लागले. आमच्याकडे चिमण्यांवर कोणी असे टिपण ठेवले नाही, पण मागच्या पिंपळावर तांबट टुकटुक करतो, हे इमारतीत तीस वर्षे राहिलेल्या माणसांना त्या एप्रिलमध्ये कळले. नानांना तांबट ऐकू आला. कोकिळा आली. दयाळाची बारीक शीळ मात्र आली नाही. मी खिडकीशी उभी राहून "आता, आता गातोय पाहा," असे सांगत असे आणि ते माझ्या बोटाकडे पाहत मान डोलवीत.

त्याच खिडकीशी एका दुपारी त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी सहज म्हणाले, "मुंबई इतकी शांत तुम्ही कधी पाहिली होती का?"

"पाहिली होती," नाना म्हणाले. "ब्याऐंशी साली."

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही; गिरण्याच मागे पडल्या. एवढे मला माहीत होते. नाना संपात नव्हते, ते वरच्या स्टाफपैकी. त्यांना कामावर जावे लागे.

"दुसऱ्या दिवशी खात्यात गेलो. साचे बंद. ताणे चढवलेले तसेच, धोटे मध्येच थांबलेले. मी चालायला लागलो तर मागून कोणी येतंय असं वाटलं. वळून पाहिलं. कोणी नव्हतं. माझेच बूट होते. पंचवीस वर्षं त्या खात्यात चाललो, पण माझे बूट वाजतात हे मला माहीत नव्हतं."

ते थोडे थांबले. या वेळी गाडी जात नव्हती.

"मग शिटी ऐकू आली. बारीक. मला वाटलं, वाफ सुटतेय कुठेतरी. खाली जाऊन सांगून आलो. बाहेर रस्त्यावर आलो तरी शिटी चालूच. तेव्हा कळलं की ती कानातच आहे. साचे चालू होते तोवर ती त्यांच्याखाली झाकलेली होती. तुमच्या या लॉकडाउनात पुन्हा मोठी झालीय बघ."

म्हणजे आम्ही ज्या शांततेचे कौतुक करीत होतो ती नानांना मिळालीच नव्हती. बाहेरचे जग गप्प झाल्यावर त्यांच्या कानांत गिरणी सुरू झाली होती. गिरणी पुढे उघडली नाही, शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एका रंगाच्या दुकानात हिशेब लिहायला सुरुवात केली, हे सर्व घराला ठाऊक होते. पण बुटांची आणि शिटीची गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. यजमानांनाही नाही.

"सासूबाईंना सांगितलं होतंत?" मी विचारले.

"नाही."

"का?"

"ओरडून सांगायची गोष्ट नव्हती ती," नाना म्हणाले.

त्यानंतर मी त्या शांततेविषयी कौतुकाने बोलणे कमी केले. तिला दुसरेही एक कारण घडले. आमच्या मागच्या रस्त्यावरून रात्रभर रुग्णवाहिका जात. एरवी गर्दीत चेंगरणारा त्यांचा भोंगा आता थेट दुरून ऐकू येई. तो जवळ येताना सारी इमारत जागी असे आणि पुढे गेला की सुटकेचा निःश्वास टाकी. असा निःश्वास टाकल्याची लाज वाटे, पण टाकला जाई. आणि मग ८ मे. जालन्याहून पायी निघालेले मजूर गावी जाणारी गाडी पकडण्यासाठी भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत होते. औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, ते थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. १६ जण गेले. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले होते. आम्हांलाही तसेच वाटत असे, अधूनमधून रात्री मालगाडी गेली की आम्ही "अगबाई, गाडी!" म्हणून खिडकीत धावत होतो. त्या दिवसानंतर कोणी धावले नाही.

बाहेर तोंडावर मुखपट्टी आली होती, त्यामुळे नानांचे एक दार उघडले तर दुसरे बंद झाले. जून-जुलैत ते मला घेऊन भाजीला खाली उतरले. रस्ता शांत, पण भाजीवाल्याचे ओठ झाकलेले. साठ वर्षे जी विद्या त्यांनी वापरली ती एका फडक्याने निकामी केली. "तो हसतोय की रागावलाय तेही कळत नाही," म्हणून ते परत आले आणि पुन्हा फारसे उतरले नाहीत.

घरात सगळीच गोडी होती असेही नाही. खालचा गोंगाट गेल्याबरोबर वरच्या मजल्यावरचे पाटे-वरवंटे, खुर्च्या सरकवणे, मुलांच्या उड्या, सारे आमच्या छताला कान फुटल्यासारखे ऐकू येऊ लागले. आम्ही तक्रार केली. मग कळले की खालच्या मजल्याने आमच्या प्रेशर कुकरची तक्रार आधीच केली आहे. यात आम्हीच तेवढे भांडखोर होतो असे नाही. लंडनमध्ये त्याच वसंतात रस्ते शांत असूनही गोंगाटाच्या तक्रारी आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ निम्म्याने वाढल्या होत्या, आणि त्यांत शेजाऱ्यांविषयीच्याच फार.

१५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी थोड्या लोकल सुरू झाल्या. मला ते वेळापत्रक नानांच्या चेहऱ्यावरून कळे. त्या वर्षी गणपतीही निमूट आले. घरची मूर्ती दोन फुटांची आणि मंडळाची चार फुटांची, अशी मर्यादा होती, ढोलताशा नव्हता. आमच्या घरच्या आरतीत नानांनी टाळ चुकवला नाही, कारण आरती कुठे पोहोचली ते त्यांना प्रथमच ऐकू येत होते. १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांसाठी सर्वांना लोकल खुली झाली. एप्रिलमध्ये दुसरी लाट, पुन्हा निर्बंध, पुन्हा थोडी सामसूम; पण ते दिवस कोणाला ऐकायचे नव्हते, आमच्याच मजल्यावरची दोन माणसे गेली. १५ ऑगस्टपासून दोन्ही लशी घेतलेल्यांना गाडी मिळू लागली, आणि हळूहळू आमच्या घरातली वाक्ये पुन्हा मध्यावर तुटू लागली.

कायदा पाहिला तर राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबेल आणि रात्री ४५, अशी मर्यादा २००० सालच्या नियमांनी घालून दिलेली आहे. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुले खिडकीबाहेर पाहून हसतात. मीही रागावत नाही. लोकल बंद व्हावी असे दादरला राहून कोण म्हणेल? तिच्यावरच तर आमचे आणि साऱ्या मुंबईचे घर चालते. पण हॉर्नचे तसे नाही. त्यावाचून कोणाचेही पोट अडत नाही, आणि तो सिग्नलचा प्रयोग एवढ्या गमतीवारी संपायला नको होता, असे मला अजून वाटते. आम्ही मागच्या खोलीच्या खिडक्यांना जाड दुहेरी काचा बसवल्या, नानांची आरामखुर्ची तिकडे नेली, आणि यंत्रही नवे आणले. थोडा फरक पडला. समोर बसून, उजेड तोंडावर घेऊन, न ओरडता सावकाश बोलले तर अधिक कळते, हे शिकायला मला ध्वनीचा धडा शिकवून तीस वर्षे लागली.

नाना आता नव्वदीला टेकले आहेत. झोप थोडी. रात्री तीनच्या सुमारास ते उठतात आणि भिंत धरून पुढच्या खोलीत येतात. मीही उठते, शाळेला सुट्टी असली तर हमखास. दिवा लावत नाही, फक्त स्वयंपाकघरातला लागलेला असतो. आल्याचा चहा होतो. रूळ मोकळे असतात, रस्ताही झोपलेला असतो. परवा त्यांनी मला साच्यावर तुटलेला धागा कसा जोडतात ते दाखवले, शालीच्या दशांवर. मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा गाठ बसली तेव्हा ते काही म्हणणार होते, तेवढ्यात दूर परळच्या बाजूने पहिली गाडी ऐकू आली. मला ऐकू आली. त्यांना फळीवरच्या भांड्यांवरून कळली असावी. त्यांनी हात वर करून मला थांबायला सांगितले, आणि आम्ही दोघे ती जाण्याची वाट पाहत बसलो.